आपल्याला काय करायचंय?

मागच्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली आणि आपण सगळे नेहमीप्रमाणे हॉलच्या मागच्या बाजूला जेवणाच्या रांगेत उभे राहिलो. मसालेभाताचा घमघमाट सुटला होता आणि रांग काही पुढे सरकत नव्हती. गप्पांना याहून चांगला मुहूर्त कोणता? माझ्या पुढे आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद उभे होते. (नाव सांगत नाही, ते हा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात!) पुण्यातला वडिलोपार्जित फ्लॅट विकून आलेले पैसे त्यांनी इकडे आणले आणि त्यांच्या इथल्या बँकेने प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. फ्लॅट कोणाच्या नावावर होता? विकत कोणी घेतला? करारनाम्याची प्रत द्या, आणि ती मराठीत आहे, तर भाषांतर करून द्या.

"अहो, अठ्ठावीस वर्षं या देशात इमानेइतबारे टॅक्स भरतोय," ते म्हणाले, "आणि ही काल नोकरीला लागलेली पोरगी मला विचारते, पैसे आले कुठून? मी काय दाऊदचा मावसभाऊ आहे? कोण हे विचारणारे? यांना काय करायचंय?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. पण पान घेऊन बसल्यावर घास काही नीट उतरेना. कारण "यांना काय करायचंय?" या प्रश्नाचं एक जुळं भावंड आहे, आणि ते आपल्या घराघरांत लाडाने वाढवलेलं आहे. त्याचं नाव "आपल्याला काय करायचंय?" आपल्याला कोणी विचारलं की पहिला प्रश्न, आणि शेजारी काही वेडंवाकडं दिसलं की दुसरा. या दोन प्रश्नांच्या आडोशाने गुन्हेगारीचा किती मोठा संसार चालतो, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. मी पोलीस नाही, वकील नाही. सॉफ्टवेअरवर पोट असलेला माणूस आहे. पण हा विषय शेवटी माहितीचाच आहे, आणि माहितीशी माझा रोजचा संबंध आहे, तेवढाच काय तो माझा अधिकार.

आधी कबुली देतो. २०१६ साली वडिलांचा डोंबिवलीचा ब्लॉक विकून मी पैसे इकडे आणले, तेव्हा माझं खातं बारा दिवस गोठलं होतं. फोन केला की पलीकडून एकच उत्तर, "आम्ही याबद्दल काही सांगू शकत नाही." मॉर्गेजचा हप्ता चुकला. संतापून मी बँकेला दोन पानी तक्रार लिहिली, तिच्यात वर्णद्वेषाचाही उल्लेख केला. दोन वर्षांनी, कन्सल्टंट म्हणून, मी एका वित्तसंस्थेच्या अशाच यंत्रणेवर काम करायला गेलो. तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि माझी तक्रार आठवून थोडा ओशाळलो.

ती यंत्रणा अशी आहे. बँक, सॉलिसिटर, अकाउंटंट, इस्टेट एजंट यांना एखाद्या व्यवहारात काळ्या पैशाचा संशय आला, तर तो कळवणं त्यांना ब्रिटनच्या २००२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कळवलं नाही तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कळवल्याचं ग्राहकाला सांगून तपासात अडथळा आणला, तर तोही गुन्हा! म्हणजे फोनवरची ती मुलगी आपल्याला टाळत नसते, तिचं तोंड कायद्याने बांधलेलं असतं. असे संशयाचे अहवाल आता वर्षाला आठ लाखांहून अधिक येतात. ते जमा होतात नॅशनल क्राइम एजन्सीकडे, तिच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागात. माझ्या नावाचा अहवाल त्यात होता का, हे मला कधीच कळणार नाही. कळू नये, अशीच ती व्यवस्था आहे.

या एजन्सीची वंशावळ थोडक्यात सांगतो. १९९२ साली ब्रिटनमध्ये नॅशनल क्रिमिनल इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू झाली. स्वतः धाडी घालत फिरणं हे तिचं कामच नव्हतं. तिचं काम माहिती गोळा करणं, तपासणं, जोडणं आणि ज्याला हवी त्याच्या हातात देणं. २००६ साली ती, राष्ट्रीय गुन्हे पथक आणि कस्टम व इमिग्रेशनचे काही विभाग मिळून एक संस्था झाली. २०१३ साली तिच्या जागी नॅशनल क्राइम एजन्सी आली. पाट्या बदलल्या, पण कल्पना तीच राहिली. गुन्हेगार काउंटीची हद्द पाळत नाही, मग पोलिसांच्या माहितीने तरी ती का पाळावी?

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात गुप्तवार्ता म्हटलं की जेम्स बाँड येतो. सूट, पिस्तूल, नदीतून भरधाव जाणारी बोट. प्रत्यक्षात हे काम आपल्या आयटीच्या कामासारखंच कंटाळवाणं आहे. एका यादीतला फोन नंबर दुसऱ्या यादीत सापडतो का, एकाच माणसाची दोन स्पेलिंगं आहेत का, तीन वेगवेगळ्या तक्रारींतली पांढरी व्हॅन एकच आहे का. सगळा खेळ सांधे जुळवण्याचा.

सांधे जुळले नाहीत तर काय होतं, याचा पहिला धडा मला लीड्समध्ये मिळाला. २००१ साली मी तिथे एमएस्सीला आलो. डेटाबेसच्या पहिल्याच तासाला आमच्या प्राध्यापकांनी संगणकाचं नावही न घेता एका खुन्याची गोष्ट सांगितली. १९७५ ते १९८० या काळात याच भागात पीटर सटक्लिफ या ट्रक ड्रायव्हरने तेरा स्त्रियांचे खून केले. पोलीस झोपलेले नव्हते. लाखो कार्डं लिहिली गेली, इतकी की त्यांच्या वजनाने पोलीस ठाण्याच्या मजल्याची काळजी करावी लागली. त्या काळात पोलिसांनी सटक्लिफला तब्बल नऊ वेळा प्रश्न विचारले. पण प्रत्येक वेळी विचारणाऱ्यापुढे त्याची आधीची सगळी माहिती एकत्र आलीच नाही. माहिती होती, त्याच इमारतीत होती, पण एका कार्डाला दुसऱ्या कार्डाची ओळख नव्हती. शेवटी जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला तो गाडीला खोटी नंबर प्लेट लावल्यामुळे. त्यानंतर मोठ्या गुन्ह्यांच्या तपासासाठी 'होम्स' नावाची संगणक प्रणाली आली.

आपल्याला वाटेल, ही जुन्या, कागदी जमान्यातली गोष्ट. माझा प्रबंध संपत आला होता तेव्हा, ऑगस्ट २००२ मध्ये, केंब्रिजशायरमधल्या सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुली नाहीशा झाल्या. लाल फुटबॉल शर्टातला त्यांचा फोटो त्या महिन्यात ज्याने पाहिला, तो विसरलेला नसेल. त्यांचा खुनी, इयन हंटली, गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. सर मायकेल बिचर्ड यांच्या समितीने जून २००४ मध्ये अहवाल दिला, तो मी नोकरीत नवा असताना वाचला आणि हादरलो. १९९५ ते १९९९ या काळात हंबरसाइड पोलिसांकडे याच माणसाबद्दल लैंगिक गुन्ह्यांच्या आठ वेगवेगळ्या तक्रारी आल्या होत्या. एकीतही शिक्षा झालेली नव्हती. प्रत्येक तक्रार सुटी सुटी पाहिली गेली. आठ एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नाहीत, आणि बऱ्याच नोंदी टिकल्याच नाहीत. नोकरीसाठी त्याची चौकशी झाली ती निक्सन या दुसऱ्या आडनावाने. हंटली हे नाव यंत्रात घातलंच गेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सर्च चुकला. त्या चुकीची किंमत त्या दोन घरांनी मोजली.

बिचर्ड समितीने देशभरातल्या पोलिसांची माहिती एका जागी आणणारी यंत्रणा हवी असं सांगितलं. ती पूर्ण रूपात यायला २०११ साल उजाडलं. सात वर्षं! सरकारी आयटी प्रकल्पांवर मी स्वतः काम केलेलं आहे, तेव्हा यावर अधिक न बोलणं बरं.

आता सांधे जुळले की काय होतं, तेही सांगतो. एन्क्रोचॅट नावाचे खास सांकेतिक फोन होते. सहा महिन्यांचं भाडं सुमारे दीड हजार पौंड. जगभरात साठ हजार ग्राहक, त्यातले दहा हजार एकट्या ब्रिटनमध्ये. २०२० साली फ्रेंच पोलिसांनी ही यंत्रणा फोडली आणि तिथले संदेश नॅशनल क्राइम एजन्सीमार्फत ब्रिटनमधल्या पोलीस दलांपर्यंत पोहोचले. जुलै २०२० मध्ये जाहीर झालेले आकडे असे: ७४६ जणांना अटक, ५ कोटी ४० लाख पौंड रोख, ७७ बंदुका आणि दोन टनांहून जास्त अमली पदार्थ. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच आकडा. खून, अपहरण अशा जिवावरच्या २०० हून अधिक धोक्यांची माहिती आधी मिळून ते टाळता आले, असं एजन्सीने सांगितलं. झालेल्या गुन्ह्याचा पंचनामा कोणीही करील. न झालेला खून ही गुप्तवार्तेची खरी कमाई, आणि दुर्दैवाने ती कोणाला दिसत नाही.

आता रांगेतले आपले मित्र म्हणतील, "हे सगळं ठीक आहे, पण उद्या हेच आपल्यावर उलटलं तर? आपण पडलो परके." हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. २०११ च्या दंगलींनंतर लंडनच्या पोलिसांनी टोळ्यांमधल्या तरुणांची एक यादी केली, गँग्ज मॅट्रिक्स. तिच्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय तरुण होते, त्यातल्या कित्येकांवर गुन्हाही नव्हता, आणि ती यादी इतर खात्यांकडे फिरत राहिली. २०१८ मध्ये माहिती आयुक्तांनी यात कायद्याचा भंग झाल्याचा ठपका ठेवला आणि २०२४ मध्ये ती बंद झाली. वेशांतर करून आंदोलकांमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या पोलिसांची चौकशी करण्यासाठी २०१५ साली नेमलेल्या आयोगापुढे जे आलं आहे, ते वाचूनही मान खाली जाते.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? चुकीच्या नोंदीमुळे एखाद्या निरपराध मुलाचं नुकसान होतं, म्हणून नोंदीच नकोत? रुग्णाला चुकीचं औषध दिलं गेलं म्हणून आपण दवाखाने बंद करत नाही. औषध कोणी दिलं, का दिलं, हे विचारणारी माणसं नेमतो. नोंद कोणी केली, किती दिवस ठेवायची, कोणाला पाहता येईल, चूक असेल तर कशी पुसायची, हे नियम कडक हवेत आणि ते पाळले जातात की नाही हे बाहेरच्या माणसाने तपासायला हवं. आपल्या नावाने कोणती माहिती आहे, हे विचारण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे. काही अपवाद सोडले, तर तो पोलिसांकडेही वापरता येतो. तो वापरा, खासदाराला पत्र लिहा, भांडा. मी त्यात तुमच्याबरोबर आहे. पण गप्प बसणं म्हणजे हक्कासाठी लढणं नव्हे. ते नुसतं गप्प बसणं आहे.

आणि खरं सांगू? आपण गप्प बसतो ते नागरी स्वातंत्र्याच्या काळजीने नाहीच. आपण गप्प बसतो कारण "उगाच भानगड कशाला?", "लोक काय म्हणतील?" आणि सगळ्यात लाडकं वाक्य, "असली कामं आपल्यातले लोक करत नाहीत." या शेवटच्या वाक्याबद्दल मला एक गोष्ट सांगायचीय. सांगायला सोपी नाही.

२०२२ मध्ये माझ्या एका मित्राचा भाचा इकडे मास्टर्सला आला. नाशिककडचा, हुशार, लाजाळू मुलगा. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेला. आपल्याच कार्यक्रमांना येणारा एक मनुष्य अशा नव्या मुलांना खोल्या शोधून देई, विमानतळावरून आणायला जाई. मुलं त्याला दादा म्हणत. दादाने याला सांगितलं, माझ्या ओळखीच्या एका धंद्याचे पैसे तुझ्या खात्यात येतील, तू ते पुढे पाठव, तुला तीनशे पौंड. पोराने पाठवले. महिन्याभरात बँकेने खातं बंद केलं. ते पैसे फसवणुकीचे होते. अशा खात्याला इथे 'मनी म्यूल' म्हणतात, म्हणजे पैशाचं ओझं वाहणारं खेचर. कायद्याने हे मनी लाँडरिंगच ठरू शकतं, जास्तीत जास्त शिक्षा चौदा वर्षं. पोराला तुरुंग झाला नाही, पण फसवणूक रोखणाऱ्या राष्ट्रीय यादीत त्याच्या नावावर खूण पडली. ती सहा वर्षं राहते. दुसरी बँक खातं देईना, हातात आलेली नोकरी पार्श्वभूमीच्या तपासणीत गेली. तो परत गेला, कर्ज मात्र राहिलं.

आम्ही चार-पाच मित्र त्या रात्री माझ्या घरी बसलो होतो. सगळ्यांना दादा कोण ते माहीत होतं. कोणीतरी म्हणालं, पोलिसांना सांगायला हवं. आणि मग ते वाक्य आलं. कोणी उच्चारलं हे मला चांगलं आठवतं, कारण ते मीच उच्चारलं होतं. "मुलगा तर गेला परत. आता आपल्याला काय करायचंय?" मंडळाचं नाव खराब होईल, दादाची बायको आपल्या बायकांच्या ग्रुपमध्ये आहे, पुरावा तरी काय आहे, अशी कारणं मग आपोआप जमली. चहा झाला, सगळे घरी गेले.

पुढच्या वर्षी आणखी दोन मुलं त्याच रस्त्याने गेली. त्यातली एक कोल्हापूरची मुलगी. तिचे वडील मला फोनवर विचारत होते, "साहेब, तिथं तुम्ही एवढी मराठी माणसं आहात, कुणालाच काही ठाऊक नव्हतं का?" मी काहीतरी पुटपुटलो. त्या रात्री मी, माझ्याजवळ जे होतं ते, कळवलं: नाव, फोन नंबर, कोणाकोणाला खोल्या दिल्या, तारखा. दहा मिनिटं लागली. एक वर्ष आणि दहा मिनिटं. पुढे काय झालं, मला सांगण्यात आलेलं नाही. दादा आता कार्यक्रमांना दिसत नाही, एवढंच. माझ्या तुकड्याला कुठे जोड मिळाला की नाही, ठाऊक नाही. पण पहिल्या वर्षी तो तुकडा माझ्या खिशातच होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हा खिडकी लावून घेण्याचा वारसा कुठून आला, याचा विचार करताना मला माझं आजोळ आठवतं. श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्राला लागून असलेलं एक गाव. मे महिन्यात आम्ही मुलं ओटीवर झोपायचो. कधी रात्री खाडीकडे इंजिनाचा आवाज आला की आजी उठून खिडकी ओढून घ्यायची. "चांदी उतरत्येय. झोपा. आपल्याला काय करायचंय?" आम्हाला त्यात मोठी गंमत वाटायची.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मी नववीत होतो. बाबा फोर्टमध्ये विमा कंपनीत होते. दुपारपासून बातम्या येऊ लागल्या, शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार. आई डोंबिवलीच्या जिन्यात बसून होती. रात्री साडेदहाला बाबा आले, चपला काढल्या आणि कोणाशी काही न बोलता आंघोळीला गेले. त्या दिवशी मुंबईत २५७ माणसं गेली. त्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स आधीच्या दोन महिन्यांत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. शेखाडी श्रीवर्धन तालुक्यातच. किनाऱ्यावर डोळेझाक करणाऱ्या काही कस्टम अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना पुढे न्यायालयाने दोषी ठरवलं. माझी आजी दोषी नव्हती. तिच्या गावावर कसलाही आरोप नाही. पण चांदीच्या होड्यांना खिडकी लावायची सवय लागलेल्या किनाऱ्यावर, एके दिवशी होडीत चांदी नसते.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये तिने सांगितलं की गुन्हेगारी टोळ्यांबद्दलची माहिती वेगवेगळ्या खात्यांकडे विखुरलेली आहे, ती एका जागी आणणारी मध्यवर्ती व्यवस्था हवी. त्या अहवालाची चर्चा झाली ती पुढाऱ्यांच्या नावांवरून. व्यवस्थेची गोष्ट मागे पडली. राष्ट्रीय तपास यंत्रणा, एनआयए, कायद्याने अस्तित्वात आली २००८ च्या डिसेंबरअखेर, म्हणजे २६ नोव्हेंबरला मुंबईत १६६ माणसं गेल्यावर. त्या रात्री हल्लेखोर आले तेही समुद्रातूनच. तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे, ते किनाऱ्याला लागले तेव्हा तिथल्या मराठी कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं, कोण तुम्ही म्हणून. उत्तर मिळालं, तुम्ही तुमचं काम बघा. म्हणजेच, तुम्हाला काय करायचंय? कोळ्यांनी पोलिसांना कळवलं, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, असंही छापून आलं होतं.

हा प्रसंग मला सगळ्यात जास्त छळतो. कारण त्यात आपल्या वादाच्या दोन्ही बाजू आहेत. विचारणारी, कळवणारी माणसं हवीत. ती होती, आणि ती साधी कोळी माणसं होती. पण आलेला तुकडा झेलणारी, दुसऱ्या तुकड्याला जोडणारी यंत्रणाही हवी. एक असून दुसरं नसेल, तर दोन्ही वाया. आपण ज्या देशात राहतो तिथे ती यंत्रणा चुकतमाकत, अपमान सोसत, चौकशा भोगत उभी राहिली आहे. तिला तुकडा देणारा माणूस मात्र आपल्या हॉलमध्ये पान वाढून घेत उभा आहे आणि म्हणतोय, यांना काय करायचंय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बँकेने विचारलं तर कागद द्या. आपल्यासारख्या हजारो प्रामाणिक लोकांना तो प्रश्न विचारल्याशिवाय अप्रामाणिक माणूस वेगळा दिसणारच नाही. जो चुकून भरडला जातो त्याने जरूर तक्रार करावी. तक्रारींनीही यंत्रणा सुधारते. आणि काही वेडंवाकडं दिसलं, कोणी मुलांची खाती मागतंय, एखाद्या रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत माणसं पासपोर्ट काढून घेऊन ठेवलेली आहेत, तर कळवा. पोलिसांचा १०१ नंबर आहे. जीव धोक्यात असेल तर ९९९. नाव सांगायचं नसेल तर क्राइमस्टॉपर्स ही स्वतंत्र धर्मादाय संस्था १९८८ पासून आहे, ०८०० ५५५ १११. ते नाव विचारत नाहीत, फोन कुठून आला ते शोधत नाहीत. तुमची खात्री असायलाही हवी असं नाही. खात्री करणं हे त्यांचं काम. तुम्ही फक्त पाहिलं तेवढंच सांगा, मीठमसाला न लावता. भाऊबंदकीतला हिशेब चुकता करायला ही सोय वापरू नका, हे सांगायला हवं, कारण आपण आपल्याला ओळखतो!

आणि आपल्या कार्यकारिणीला एक विनंती. दरवर्षी सप्टेंबरमध्ये नव्या विद्यार्थ्यांचं आपण स्वागत करतो, पोहे देतो, लेझीम दाखवतो. त्यात दहा मिनिटं मला द्या. बँकेचं खातं कोणालाही वापरू देऊ नका, अगदी प्रसाद वाटणाऱ्या दादालाही नाही, एवढं एकच सांगायचंय. मंडळाचं नाव खराब होईल म्हणून मी एकदा गप्प बसलो. मंडळाचं नाव तीन मुलांच्या आयुष्यापेक्षा मोठं होतं का, याचं उत्तर कोल्हापूरच्या त्या वडिलांना मी अजून दिलेलं नाही.

यंदाही गणपतीत रांग लागेल, मसालेभात असेल, आणि ते ज्येष्ठ सभासद बहुधा माझ्या पुढेच उभे असतील. काका, लेख वाचलात तर रागावू नका. कागद दिलेत ना बँकेला? मग आता मागे वळून जरा ती नवीन आलेली पोरं बघा. कोण त्यांच्याशी फार गोड बोलतंय, तेवढं बघा. आपल्यालाच करायचंय ते.